शेवंताबाईंचं मंजन

शेवंताबाईंच्या पत्राला प्रेमलाल गुरुजींनी कित्येक महिने उत्तर दिलं नव्हतं, कारण मायना सुचत नव्हता. ‘प्रिय’ लिहावं तर बाई, त्यातून कैदी. ‘सप्रेम नमस्कार’मधल्या ‘सप्रेम’नेच त्यांना घाम फुटे. पत्र दोन ओळींचं होतं: ‘गड्यांच्या बराकीत दर शनवारी नशा सोडाले शिकवता. आमच्याकडे काहून येत नाई?’

बायकांना कसली नशा, अशी स्वतःची समजूत घालून निवृत्त ग्रंथपाल गुरुजींनी ते शब्दकोशात ठेवून दिलं होतं.

या शनिवारी मात्र लालबर्रा रस्त्यावरच्या त्या तुरुंगात महिला शिपाई ज्योत्स्नाने त्यांना गाठलंच. “शेवंताबाई दिवाळीले सुटून राह्यली जी. एकदा भेटा तिले.”

“बायकांत बिडी, गांजा चालतो?”

“छ्या. साध्या बाया हाय. मंजन करते फक्त.”

भरदुपारी अंगणात बायका गालात बोट घालून ओळीने बसल्या होत्या. बोटाला गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. शेवंताबाई चूळ भरून पुढे आल्या.

“गड्यानं घेतली तं नशा, बाईनं घासलं तं मंजन. त्याईले क्लास, चहा, बिस्कुट. आमाले चूळ भराले पानी.”

“सोडायची आहे तुम्हाला?” गुरुजींनी स्वतःच्या चपलांना विचारलं.

“हौ. सून म्हनते, नातवाले मांडीवर घ्याचं असन तं पहिले हे सोडा. लई डाव सोडली जी. डोकं असं ठनकते, मंग या मॅडमले शिव्या देतो.”

“याद हाय मले,” ज्योत्स्ना म्हणाली.

गुरुजींनी घाम पुसायला रुमाल काढला. त्यावर तपकिरीचे डाग होते. सगळी ओळ घासायची थांबली.

“गुरुजी,” शेवंताबाईंनी अदबीने विचारलं, “हे कोनतं मंजन म्हनाव?”

बायका हसून लोळल्या. गुरुजीही, बऱ्याच वर्षांनी, आवाज करून हसले.

“येतो पुढच्या शनिवारी,” ते म्हणाले.

“असं तोंडी नाई. पत्र टाकलं होतं मी. मले आतमंदी अजून कोनाचंच पत्र आलं नाई.”

बाहेर पडून त्यांनी टपाल कार्ड घेतलं. मायना लिहिला: ‘शेवंताबाई,’. एवढाच. खाली: ‘शनिवारी येतो. तुमची डबी ज्योत्स्नाबाईंकडे द्या, माझी मीही त्यांच्याकडेच देईन. सोडणं जमेलच असं सांगवत नाही. तुम्ही निदान प्रयत्न तरी केलेत, माझी पहिलीच खेप आहे. डोकं ठणकलं तर शिव्या मला द्या.’

कार्ड लाल पेटीत पडलं. गुरुजींचा हात सवयीने तपकिरीच्या डबीकडे गेला, आणि खिशाच्या तोंडाशी घुटमळत राहिला.