तुमची खोली तयार आहे

“बोलावलंस, आले,” ताई म्हणाली आणि बॅग पायरीवर ठेवून तिने मागचं फाटक लावून घेतलं.

बोटवाल्याच्या हातात मोटरचं झाकण होतं आणि बोटं ग्रीसने माखलेली. सहा वर्षांनी सख्खी बहीण दारात उभी होती, तीही बोलावल्यामुळे. पण बोलावलं कुणी? इतक्या वर्षांत फोन करायचं त्याच्या मनात शंभरदा आलं होतं, पण धीर एकदाही झाला नव्हता. झोपेत केला की काय?

“ये ना, ये. पाणी देऊ? म्हणजे... एकटीच आलीस?”

“पत्रात एकटीलाच बोलावलं होतंस.”

पत्रात! आता मात्र तो पुरता चक्रावला. लिहिणं म्हटलं की तो चार हात लांब पळे. धक्क्यावरची ‘रांगेत उभे राहा’ ही पाटीसुद्धा बायकोने रंगवली होती.

ताईने चष्मा चढवला, फोन हातभर लांब धरला आणि वाचलं, “प्रिय ताई, बऱ्याच दिवसांत तुम्ही इकडे आला नाहीत. आम्हाला तुमची खूप आठवण येते. तळ्याकाठची तुमची खोली तयार आहे.” मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाली, “अहो-जाहो कशाला रे? एवढी परकी झाले का?”

त्याचं उत्तर यायच्या आत ती बॅग घेऊन जिना चढायला लागलीसुद्धा. तो झाकण हातात घेऊन तिथेच उभा राहिला.

वडील गेल्यावर त्याने घराच्या वरच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या, त्यावरून बहीणभावात वाजलं होतं. बाबांच्या खोलीत परकी माणसं लोळणार का, असं ती म्हणाली होती. मग तूच येऊन राहा इथे, असं तो तोडून बोलला होता. त्यानंतर ती आली नाही. त्यानेही बोलावलं नाही.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. बायको एका हाताने कांदा परतत होती आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर काहीतरी सरकवत होती.

“अगं, ताई आलीये. मी पत्र लिहिलं म्हणते!”

बायकोचा झारा हवेतच थांबला. “अगंबाई, वन्सं? अहो, ते आपलं न्यूजलेटर! सगळ्यांना एकदम जाणारा मेल. मी ऑनलाइन बघते त्या शिकवणीत सांगितलंय ना, एका माणसाने एकालाच लिहिल्यासारखं लिहायचं. नावाने हाक मारायची. नावं कम्प्युटर आपोआप घालतो. मी तुमच्या फोनमधले सगळे पत्ते उचलून त्यात टाकले.”

“सगळे?”

“गिऱ्हाईक कोण आणि घरचं कोण, मला काय कळणार? तुम्ही नावं तरी धड लिहिता का?”

सकाळपासूनचा घोळ आता त्याच्या डोक्यात हळूहळू उलगडू लागला. दाताच्या दवाखान्यातून एक मुलगी फोनवर विचारत होती, की डॉक्टरांना ‘प्रिय दाढ’ म्हणण्याचं कारण काय. आणि विमा एजंट तर आवाज चढवूनच बोलला होता. त्याला ‘प्रिय विमा कटकट, तुमची खूप आठवण येते’ असा मेल गेला होता.

“आणि खोल्या?” त्याने विचारलं.

“चारही भरल्या! मेलमुळेच,” बायको खुशीत म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पडला. “अगंबाई.”

“आता काय करू?”

“खरं सांगून टाका.”

“काय सांगू? तुझी आठवण कम्प्युटरला आली? ऐकलं की उलट्या पावली जाईल ती. आणि परत यायची नाही. कधीच.”

न सांगावं, तर तिने उद्या विचारल्यावर काय? सांगावं, तर हातात आलेली बहीण घालवायची. तो एकदा कांद्याकडे आणि एकदा लॅपटॉपकडे बघत राहिला.

ताई खाली आली. बॅग हातातच होती. “बाबांच्या खोलीत कुणीतरी टॉवेल वाळत घातलेत,” ती म्हणाली. “मी दार न वाजवताच उघडलं. आतली बाई बिचारी घाबरली.”

“चल, बोटीतून एक चक्कर मारू,” तो घाईने म्हणाला. आलेल्या माणसाचं काय करायचं, यावर त्याला ठाऊक असलेला उपाय एवढाच होता.

बोट तळ्याच्या मध्यावर आली आणि सवयीने त्याचं तोंड सुरू झालं. “डाव्या हाताला जुना धक्का. तळ्याची सगळ्यात खोल जागा—”

“तिथून मी तुला पाण्यात ढकललं होतं,” ताई म्हणाली. “ते सांगतोस का लोकांना?”

त्याला हसू आलं आणि रडूही. त्याने मोटर बंद केली.

“ताई, तो मेल मी नाही लिहिला. आमच्या हिने लिहिला. तोही तुला म्हणून नाही. सगळ्यांना गेलाय. दाताच्या डॉक्टरलासुद्धा.”

ताईने हात पाण्यात सोडला. बोट आपोआप थोडी वळली.

“माहितीये,” ती म्हणाली. “खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, असे मेल नको असतील तर इथे दाबा. भावाच्या पत्रात असं कोण लिहितं?”

“मग?”

“दाबणार होते. दोनदा बोट नेलं. नाही दाबवलं. म्हटलं, तू नाही तर नाही, कुणीतरी बोलावतंय ना.”

मोटर चालू करायला त्याला दोनदा दोर ओढावा लागला.

धक्क्यावर बायको वाटच बघत होती. वन्संचा हात धरून तिने त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि केलेली चूक निस्तरल्यासारखं म्हणाली, “वन्सं, तुम्ही आमच्या खोलीत झोपा, मी गादी झटकलीये. आणि तुमचं नाव यादीतून काढलंय. आता पुन्हा असले मेल नाही यायचे तुम्हाला.”

“का काढलंस गं?” ताई पटकन म्हणाली. “राहू दे की.”

“मी लिहीन ना,” तो म्हणाला. “मी स्वतः लिहीन, ताई.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, लहानपणी तो उद्यापासून अभ्यास करीन म्हणायचा तेव्हा बघायची तसं. “लिही की,” ती म्हणाली. “पण ते पण चालू ठेवा.”

बायकोने मुकाट्याने लॅपटॉप पुढे ओढला. ताईने आपला मेलचा पत्ता एकेक अक्षर करून सांगितला. भावाला तो पाठ नव्हता.

“नावाच्या जागी काय घालू?” बायकोने विचारलं.

“थांब,” तो म्हणाला. त्याने ग्रीसची बोटं शर्टाला पुसली, लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि एका बोटाने अक्षरं शोधत ‘ताई’ असं लिहिलं.