गिरणीच्या दगडाची कच

मित्रांनो, शुक्रवार पेठेतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागे, भिंतीला टेकून एक गोल दगड पडला आहे. तो मी. इंग्रजांच्या काळात याच जागी रंगरावांची पिठाची गिरणी होती, तिच्यात मी फिरत होतो.

पाथरवटाने घडवून मला इथे आणलं, तेव्हा रंगरावांनी मला हळदकुंकू वाहिलं होतं. मंडईतली माणसं भाजी घेता घेता दळण टाकून जायची. “रंगरावांचं पीठ म्हणजे रेशीम!” म्हणायची. ते ऐकून मी सुखावायचो.

दळून दळून मी गुळगुळीत झालो, की पाथरवट छिन्नीने मला पुन्हा खरखरीत करी. याला टाकी लावणं म्हणतात. टाकीनंतर माझ्या अंगाची बारीक कच पिठात उतरते. म्हणून रंगराव आधी घरची शेरभर ज्वारी दळून फेकून देत आणि मगच गिऱ्हाइकाचं दळण घेत. हा नेम त्यांनी कधी चुकवला नव्हता.

मग ते म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभे राहिले. एकदा टाकी झाली आणि तेवढ्यात शेजारच्या वासंतीबाई नाचणी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाळाचं उष्टावण होतं.

“रंगराव, आधी ज्वारी घातलीत ना?”

“वहिनी, दळण न्यायला आलात की तपासणीला?” रंगराव हसले. त्यांना सभेची घाई होती. ज्वारी त्यांनी घातलीच नव्हती. मला ते ठाऊक होतं, पण मी फिरत राहिलो.

उष्टावणाच्या संध्याकाळी वासंतीबाई खिरीची वाटी घेऊन आल्या. गिरणीत रंगरावांचे कार्यकर्ते बसले होते.

“घ्या, आपणच चाखा. बाळाला दात नाहीत, तुम्हाला आहेत.”

रंगरावांनी घास घेतला. कचकन आवाज आला. त्यांनी एकदा कार्यकर्त्यांकडे पाहिलं.

“दगडच खराब निघाला, वहिनी. उद्याच बदलतो.”

तीन दिवस बाळाचं पोट दुखत होतं. त्याचं रडणं गिरणीपर्यंत यायचं. चौथ्या दिवशी ते अचानक थांबलं आणि माझा जीव गोळा झाला. मग कळलं, त्याला झोप लागली होती.

मला काढून भिंतीशी ठेवलं. रंगराव निवडून आले. त्यांनी पेठेत नळ आणले, दिवे लावले. हार गळ्यात घेऊन ते माझ्यासमोरून जायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. मी तरी कोणत्या तोंडाने बघू? कच माझ्याच अंगाची होती.

म्हातारपणी एका दुपारी ते काठी टेकत आले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, “दोष तुझा नव्हता रे. मीच ज्वारी घातली नाही.” आणि रडले.

मित्रांनो, मी त्यांना कसली माफी देणार? वासंतीबाई तेव्हाही चार घरं पलीकडेच राहत होत्या. त्या दाराशी ते कधीच गेले नाहीत.

लहानग्याच्या तोंडात जाणारं काही करत असाल, तर घाई करू नका. आणि चुकलात, तर दगडाला सांगत बसू नका.