सतराव्या आवृत्तीतलं गृहीतक

मी स्पेसिफिकेशन बोलतोय. रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप असतो ना, त्याच्या प्रोग्रामने काय करावं आणि मेला तरी काय करू नये, हे गणिताच्या भाषेत माझ्यात लिहिलेलं आहे.

पहिल्या आवृत्तीत माझ्यात एकच नियम होता: ठरल्यापेक्षा जास्त औषध कधीच जायचं नाही. पंप बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअर ताईने मला लिहिलं आणि तपासनीस नावाच्या प्रोग्रामपुढे उभं केलं. मेला खाष्ट सासूसारखा! कुठूनतरी नियम मोडणारी वाट शोधून काढायचाच. ताई कपाळावर हात मारायची, मला दुरुस्त करायची, की पुन्हा तेच. अशा सोळा आवृत्त्या झाल्या. राग यायचा त्याचा, पण शहाणा झालो तो त्याच्यामुळेच.

सोळाव्या खेपेला त्याने दाखवलं की डोस अर्ध्यावर असताना बॅटरी बदलली, तर पंप दिलेलं औषध विसरतो आणि पूर्ण डोस पुन्हा देतो. दुरुस्ती मोठी, मुदत तोंडावर आलेली. ताईने एक ओळ घातली: 'डोस चालू असताना बॅटरी बदलली जात नाही, असं गृहीत धरू.' तात्पुरती हं, म्हणाली. ही माझी सतरावी आवृत्ती. ते गृहीत धरल्यावर तपासनिसाला वाटच सापडेना! साहेबांनी सही ठोकली. मीही फुशारलो, लाज वाटते आता.

मग ताईचे वडील रुग्णालयात दाखल झाले. तीन दिवसांनी ती आली ती थेट साहेबांपुढे.

"सर, बाबांना एक्स-रेला नेताना सिस्टरनी चालू डोसमध्येच बॅटरी बदलली. रोजच बदलतात म्हणे!"

"त्यांचा पंप जुना आहे ना?"

"सोमवारी त्याच वॉर्डात आपले लागणार आहेत."

"अगं, पंप पोचलेसुद्धा. आता कशाला उकरून काढतेस?"

ताईने ती ओळ खोडली. अठरावी आवृत्ती. तपासनिसाने चार पायऱ्यांत नियम मोडून दाखवला. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी सतरावीच कायम ठेवली. "नोकरी जड झालीय का तुला?" एवढंच म्हणाले.

ताईने वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तोंडी ऐकून मी पंप परत कसे पाठवू? लेखी द्याल?"

तिने मला छापलं, खाली स्वतःची सही केली. आज सोमवार. तिच्या पर्समध्ये घडी होऊन मी रुग्णालयाचा जिना चढतोय.

सिस्टर, माझं गणित कळलं नाही तरी चालेल हो. शेवटच्या पानावर तिने साध्या भाषेत लिहिलंय. तेवढं वाचा, आणि हा पंप कुणालाच लावू नका.