दोघांचं सिंगापूर

“इमारती राहू दे रे,” महिपती म्हणाला. “उंच असतात, म्हायती हाय मला. गाडी कशी हाय ते सांग.”

बाबाजीनं मोबाइल खिशात टाकला. त्यातल्या चारशे फोटोंचा इथं काडीचा उपयोग नाही, हे त्याला खरं तर सिंगापुरातच सुचायला हवं होतं. पण फोटोंच्या नादात अक्कल गहाण पडली होती. पहाटे विमानातून उतरल्यावर पेणच्या घरी न जाता, पाठीवर लेकीची सॅक घेऊन तो तडक रोह्याला, महिपतीच्या पडवीत आला होता. एसटीतली बावीस वर्षं दोघांनी बहुतेक एकाच गाडीवर काढली. महिपती ड्रायव्हर, बाबाजी कंडक्टर. पासपोर्टही दोघांनी एकाच दिवशी काढले. मग साखरेनं महिपतीचे डोळे नेले. “तू जा, दोघांचं बघून ये,” असं तो म्हणाला होता. तेव्हापासून बाबाजीचा जीव टांगणीला लागला होता. एवढं पाहिलं आणि आता सांगता येईना.

“गाडीत कंडक्टर नाय,” तो म्हणाला. “कार्ड टेकवायचं नि बसायचं.”

“मग तू काय केलंस?”

“दारापाशी उभा ऱ्हायलो. चार माणसं चढली, नि माझ्या हातानं आपसूक बटण दोनदा दाबलं.”

महिपती खदखदून हसला. दोन घंटा म्हणजे ‘चला’, हे आपल्याकडे. तिथं बटण दाबलं की कुणाला तरी उतरायचं असतं. पुढच्या स्टॉपवर गाडी थांबली, दार उघडलं, कुणी उतरेना. ड्रायव्हरबाई आरशातून बघत राहिल्या. शेवटी लाजेकाजेस्तव बाबाजीच उतरला आणि भर उन्हात दोन किलोमीटर चालला.

“बाई चालवते?”

“व्हय. हात लई हलका. गियर नायत, आपोआप पडतात.”

महिपतीला हे काही पसंत पडलं नाही. “माझ्या गाडीला हायत,” तो म्हणाला. “चल, रस्ता सांग.”

बाबाजी सांगू लागला. पूल आला, खाली नदी. पुढे डावं वळण, दोन्ही बाजूंना झाडं, रस्त्यावर एक खड्डा नाही. खुर्चीत महिपतीची पाठ ताठ झाली, हात पुढे आले, डावा पाय क्लचवर गेला. बाबाजीनं आवाज ड्युटीवरचाच ठेवला.

“पुढं स्टॉप. म्हातारी हाय एक, भाजीची पिशवी घेऊन.”

महिपतीनं उजवा पाय हळूच दाबला. तेवढ्यात त्याची बायको विमलबाई चहा घेऊन आली.

“घ्या, निवतोय.”

“थांब गो,” महिपती म्हणाला. “म्हातारी चढू दे आधी.”

विमलबाई दोन्ही कप हातात धरून तशीच उभी राहिली.