पहारेकऱ्याच्या हाकेला ओ

"आणलंय काय?" दार पुरतं उघडायच्या आधीच गोपाळकृष्णांनी विचारलं.

"सिनेमा," स्वराली म्हणाली. "म्हणजे, पहिला सीन."

"मग या. चपला बाहेर."

नारायण पेठेतल्या या गृहस्थांच्या वडिलांनी कधीकाळी 'शनीवरचा पहारेकरी' ही कादंबरी लिहिली होती. हक्क आता यांच्याकडे, आणि सिनेमा काढतो म्हणत आलेल्या प्रत्येकाला यांनी अर्धा कप चहा पाजून वाटेला लावलेलं. स्वरालीला मात्र आज होकार हवाच होता. तिचे बाबा, दिगंबर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बिबवेवाडीच्या हॉस्पिटलात पडून होते आणि काल डॉक्टरांनी हात टेकले होते. अशा वेळी या बयेने काय करावं? बाबांच्या कानात सांगून टाकलं की परवानगी मिळाली, आपल्या पहारेकऱ्याचा सिनेमा होतोय! बाबांचे डोळे असे काही लकाकले, की आता ते खोटं खरं केल्याशिवाय तिची सुटकाच नव्हती.

हडपसरच्या एका स्टुडिओत ती सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर दृश्यं उभी करायची. हा सीनही तिथेच, साहेबाची नजर चुकवून केलेला. तिने लॅपटॉप उघडला. शनीच्या कड्यांखाली पत्र्याची चौकी. पृथ्वीशी संपर्क तुटलेला म्हातारा पहारेकरी रेडिओवर हाक मारतो, "कोणी आहे का तिथं?" नुसती खरखर. मग एका लहान मुलीचा आवाज येतो, "आहे ना! बोला." आणि म्हातारा वैतागतो, "किती वेळ लावलास गं!"

गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"छान आहे. कादंबरी वाचली आहे का आपण?"

"पाठ आहे मला."

"वाचली आहे का, असं विचारलं मी."

अरे देवा! स्वरालीने ती वाचली कुठे होती? लहानपणी रोज झोपताना बाबा सांगायचे. पुस्तक खाकी कव्हर घालून कपाटावर, आणि बाबा उशाशी. मग पुस्तक उघडतंय कोण! मोठेपणी पहारेकऱ्याचं काम कुठल्या नटाने करावं यावरून ती बाबांशी जेवणाच्या ताटावर भांडली, पण एक पान उलटायचं तिला कधी सुचलं नाही.

"त्यात मुलगी नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. "तो शेवटपर्यंत हाका मारतो. कोणी ओ देत नाही. संपली कादंबरी."

"असं कसं? मुलगी आहे! ती रोज..."

रोज बाबा हाक मारायचे आणि ती पांघरुणातून ओरडायची, "आहे ना! बोला." त्यामुळे ही मुलगी पुस्तकातच आहे असं ती समजून बसली, आणि बाबांनी कधी चूक सुधारली नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढणारा माणूस, पण ही तेवढी राहू दिली.

गोपाळकृष्णांनी सीन पुन्हा एकदा लावायला सांगितला. "आमच्या वडिलांना हे सुचलं नाही," ते शेवटी म्हणाले. "करा सिनेमा. मुलीसकट करा."

स्वराली वाकून त्यांच्या पाया पडली, आणि पळतच जिना उतरली. केव्हा एकदा बाबांना सांगते असं तिला झालं होतं. खाली येऊन फोन बघितला, तर आईचे फोनच फोन. आवाज बंद करून ठेवला होता ना तिने, मीटिंग म्हणून.

"कुठे तडफडलीस गं?" आई, म्हणजे हेमाताई, रडत होत्या. "सकाळपासून यांनी एकच लावलंय, 'कोणी आहे का तिथं?' मी आहे म्हटलं, नर्सने आहे म्हटलं, तरी थांबेनात. काय हवंय त्यांना?"

स्वारगेटच्या गर्दीत ती बाईकवर मोठमोठ्याने रडत होती. शेजारचा रिक्षावाला बघत होता, बघू दे. सिनेमा, सिनेमा करत आपण कुठे जाऊन बसलो? एका शब्दाचं काम होतं आणि ते आपल्यालाच जमणारं होतं.

ती पोचली तेव्हा खोली शांत होती.

"आत्ताच गप्प झाले," हेमाताई म्हणाल्या.

स्वराली कॉटवर ओणवी झाली. "आहे ना! बोला." काही नाही. "बाबा, आहे ना मी! परवानगी मिळाली, खरीखुरी मिळाली. मुलीसकट." तिने त्यांचा हात गच्च धरला. "म्हण ना, किती वेळ लावलास म्हण. चिड माझ्यावर. बाबा, चिड ना रे!"

बाबांची छाती हळूहळू वरखाली होत होती. बाकी काही हलत नव्हतं.

तिने डोळे पुसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"कोणी आहे का तिथं?" तिने हाक मारली, आणि ऐकत राहिली.