सर्वांत धाकटे

चहात तुटून पडलेलं बिस्किट तिसऱ्या न्यायाधीशांनी बोटाने वर काढलं, बोट चाटलं आणि त्याच ओल्या बोटाने बाईंच्या निकालपत्राचं पान उलटलं.

समोर बसलेल्या धाकट्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या या खोलीत कोणाला नावं नव्हती. सरन्यायाधीश होते, मग नेमणुकीच्या क्रमाने दुसरे, तिसरे, चौथे आणि धाकटे. धाकटे वयाने सगळ्यांत मोठे, पण या पाचांत न्यायालयात सगळ्यांत शेवटी आलेले. रिकाम्या जागेवर कोणाला घ्यायचं ते इथे ठरे, म्हणून आत शिपायालाही येऊ देत नसत. टकटक झाली की धाकट्यांनी उठायचं, कडी काढायची, चहाचा ट्रे नाहीतर फाइल घ्यायची आणि पुन्हा कडी लावायची.

“घरात धाकटी सून आणि इथे धाकटे,” पहिल्याच बैठकीत दुसरे म्हणाले होते. “दार यांनीच उघडायचं!”

सगळे हसले होते. धाकटेही हसले होते.

या वेळच्या रिकाम्या जागेसाठी बाईंचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. त्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या आणि पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. आज नाही तर कधीच नाही. त्यांचा प्रत्येक निकाल धाकट्यांनी घरी नेऊन वाचला होता.

“कैद्यांच्या तक्रारीवरून या स्वतः तुरुंगात गेल्या,” तिसरे म्हणाले, “आणि तिथलं पाणी पिऊन पाहिलं. निकालात लिहिलंय हो तसं!”

“विषाची केस समोर आली नाही, हे नशीब,” सरन्यायाधीश म्हणाले.

हशा झाला. चौथ्यांच्या तोंडातला बिस्किटाचा भुगा टेबलभर उडाला.

“पाण्यात अळ्या होत्या,” धाकटे हळूच म्हणाले. “सरकारी अहवालात नव्हत्या. म्हणून त्या—”

दारावर टकटक झाली. धाकटे उठले. शिपायाने साखरेचं भांडं पुढे केलं. कडी लावून ते वळले, तेव्हा बाईंची फाइल मिटलेली होती.

“ठरलं,” सरन्यायाधीश म्हणाले. “बाई हुशार आहेत, वादच नाही. पण आपल्यात मिसळायच्या नाहीत. तिसऱ्यांच्या व्याह्यांचं नाव पाठवू.”

“मी आपला गप्पच होतो,” तिसरे म्हणाले. “नात्यातला माणूस. मी कशाला बोलू?” आणि त्यांनी आणखी एक बिस्किट उचललं.

दरवेळी असंच होई. ते दाराशी जात आणि परतेपर्यंत सगळं ठरलेलं असे. मग आपण पुस्तकातला माणूस, आपल्याला कुठली आलीय माणसांची पारख, अशी मनाची समजूत घालून ते सही करत.

कागद त्यांच्यापुढे सरकला. वर ‘एकमताने’ हा शब्द आधीच छापलेला होता. कोणाचं मत वेगळं असेल तर त्याने बैठक उठण्याआधी तिथेच लिहायचं. मग नाव पुढे जात नसे, चर्चा पुन्हा पहिल्यापासून. नियम होता. तो वापरलेला कोणी पाहिला नव्हता.

धाकट्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘एकमताने’वर रेघ ओढली आणि खाली लिहायला लागले.

टकटक झाली.

कोणी हललं नाही. चौघेही त्यांच्याकडे बघत होते.

“धाकटे, दार,” दुसरे म्हणाले.

“मी लिहितोय.”

“अहो, लिहा की मग सावकाश. चहा निवतोय बाहेर.”

धाकटे लिहीतच राहिले. अक्षर वेडंवाकडं येत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

पुन्हा टकटक, जरा जोरात. एक खुर्ची करकरत मागे सरली. जड पावलं दारापर्यंत गेली. कडी खडखडली, थांबली, पुन्हा खडखडली.

“अहो,” दाराकडून सरन्यायाधीशांचा आवाज आला, “ही सरकते कुठल्या बाजूला?”