वरच्या फळीवरचे डबे

थोरल्या भावाला पोहायला न्यायचं, यात चष्मेवाल्याचा फायदा सरळ दिसत होता. प्रौढांच्या रिले शर्यतीत चौघांच्या वयाची बेरीज करतात आणि त्यावरून गट ठरतो. चष्मेवाला अठ्ठावन्न, बायको पंचावन्न, मेहुणी बावन्न. चौथा कोणी पन्नाशीतला घेतला की गाठ पडायची ती चाळिशीतल्या दांडग्यांशी, आणि तिथे हे लोक दरवर्षी शेवटून पहिले येत. दादा मात्र पंचाहत्तरचे. ते पाण्यात उतरले की बेरीज बरोबर दोनशे चाळीस, आणि गट वरचा. त्या गटात मग हरवायला एकच माणूस उरत होता.

तो म्हणजे दंतवैद्य. त्याचा दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. रोज सकाळी जिना चढता चढता तो काचेवर टकटक करी. "काय हो चष्मेवाले, चषक दिसतो का इथून? की नंबर वाढला?" गिऱ्हाईक समोर असलं की आवाज आणखी मोठा. चषक तलावाच्या काचेच्या कपाटात होता आणि त्यावर ओळीने दंतवैद्याच्याच चौकडीची नावं होती.

दादांचा फायदाही चष्मेवाल्याने हिशोबात धरला होता. वहिनी हिवाळ्यात गेल्या. दादा रडले नाहीत की चिडले नाहीत. खुर्चीत बसून राहात. वाढलं की जेवत, काही विचारलं की "बरं" म्हणत. हातपाय हलले तर माणूस मोकळा होईल, असं चष्मेवाला सगळ्यांना सांगे. ते खोटं नव्हतं. फक्त बेरीज आधी सुचली आणि कळवळा नंतर.

एकदाच दादा "नको" म्हणाले होते. वहिनी चांगल्या उंच, दादा बेताचे; घरातली ही जुनी थट्टा. स्वयंपाकघरातले चहा-साखरेचे डबे वहिनींच्या हाताच्या उंचीने, थेट वरच्या फळीवर. वहिनी गेल्यावर चष्मेवाल्याची बायको म्हणाली, "दादा, खाली लावून देते, तुम्हाला सोपं." दादा म्हणाले, "नको." आणि रोज टाचा उंचावून, उजवा हात ताणून ते चहाचा डबा काढत राहिले.

पोहायला मात्र "बरं" म्हणाले.

तरुणपणी पोहलेले होते, अंग विसरलं नव्हतं. पहिले काही दिवस काठाकाठाने गेले. मग चष्मेवाला म्हणे, "दादा, अजून एक फेरी?" की "बरं." पाणी गार असलं तरी "बरं." मेहुणी हात घासत कुडकुडायची आणि दादा पायऱ्या उतरून सरळ पाण्यात. दमले असं कधी तोंडातून आलं नाही. वेळ सुधारू लागली.

"भावोजी, यांना दमच लागत नाही हो," मेहुणी म्हणाली. "आपल्यापेक्षा तरुण आहेत!"

"घराण्यातच आहे ते," चष्मेवाला म्हणाला आणि पोट आत ओढलं.

बायकोची नजर बारीक. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, दादा शर्ट डाव्या हाताने ओढून घालतात. उजवा नीट वर जात नाही त्यांचा."

"वय झालं की होतं असं."

"वयासाठीच आणलंत ना त्यांना! एकदा विचारा तरी."

त्याने विचारलं. कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर शेजारी बसून.

"दादा, खांदा दुखतो का?"

दादांनी खांद्याकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचाच तो. "दुखत असेल."

"असेल म्हणजे?"

"कळत नाही रे."

चष्मेवाला दिवसभर लोकांना काचा बदलून विचारत असतो, आता स्पष्ट दिसतं का, आता? गिऱ्हाईक "कळत नाही" म्हणालं तर तो पुढची काच लावतो. अर्धवट उत्तरावर चष्मा देत नाही. या वेळी दिला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "विचारलं. दुखत नाही म्हणाले."

शर्यतीत दादांना पहिलं ठेवलं. मागे पडले तर पुढचे तिघं भरून काढतील. निम्म्या अंतराला त्यांचा उजवा हात पाण्याबाहेर येईनासा झाला. काठावर बायको ओरडली, "अहो, थांबवा त्यांना!" चष्मेवाला पाण्याकडे बघत उभा राहिला. दादा थांबले नाहीत. एका हाताने, तिरपे, त्याच चालीने आले आणि भिंतीला हात लावला. ओरडणारी बायको मग स्वतःच पाण्यात झेपावली, कारण पाळी तिची होती. तिने बरंच अंतर तोडलं, मेहुणीने उरलेलं, आणि शेवटच्या फेरीत चष्मेवाल्याने दंतवैद्याला बोटभर मागे टाकलं.

"चष्मेवाले, तुमच्या दादांनी हरवलं मला, तुम्ही नाही," दंतवैद्य धापा टाकत म्हणाला. तेवढं मात्र बरोबर होतं.

फोटोसाठी कोणीतरी म्हणालं, "हात वर!" दादांनी डावा वर केला.

डॉक्टरांनी खांदा तपासला. आतला स्नायू फाटला होता, आणि तो काही आज फाटलेला नव्हता. बरेच दिवस तो फाटत चालला होता. "इतकं दुखलं नाही तुम्हाला?" दादा म्हणाले, "असेल." डॉक्टरांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. या वयात हात खांद्याच्या वर जाणार नाही आता, म्हणाले.

त्या आठवड्यात चष्मेवाला दादांकडे गेला. ओट्यावर चहाचं भांडं कोरडं. डबा वरच होता, दादा खाली खुर्चीत. सकाळपासून चहा झाला नव्हता.

"दादा, डबे खाली लावू का?"

दादांनी वरच्या फळीकडे पाहिलं. चष्मेवाला वाट बघत राहिला. या एका वेळी त्याला "नको" हवं होतं.

"बरं," दादा म्हणाले.

त्याने एकेक डबा उतरवला, पुसला, खालच्या फळीवर लावला. वर डब्यांच्या बुडाचे गोल डाग राहिले. तेही ओल्या फडक्याने पुसले. मग चहा केला. दादांनी डाव्या हाताने कप धरला आणि गरम आहे की गार, काही न बोलता प्यायले.

दंतवैद्य आता काचेवर टकटक न करता जिना चढतो. चषकावर चौघांची नावं सारख्याच अक्षरात कोरली आहेत. बाकीच्या तिघांना चषक मिळाला, वर कौतुकही. दादांनी त्यासाठी एक हात दिला आणि उरलंसुरलं ते एक "नको".